लोखंडाचा गंज आणि विद्येचा गंज

पावसाळा सरून आभाळ निवळले की आपल्या किनारपट्टीवरील घरोघरी एक काम न चुकता निघते. खिडक्यांचे गज, जिन्याचा कठडा, अंगणाचे फाटक, विहिरीवरची कप्पी यांवर चढलेला तांबूस थर काचकागदाने खरवडायचा, त्यावर शेंदरी रंगाचा लेप द्यायचा आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेच करायचे. हा व्याप आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे काही कार्यकारणभाव असेल, त्याचे काही शास्त्र असेल, असा विचारही मनाला शिवत नाही. ‘खारी हवा’ एवढे दोनच शब्द उच्चारून आपण मोकळे होतो. समुद्र हा आपला पिढ्यान्पिढ्यांचा शेजारी. तेव्हा शेजाऱ्याचा थोडा उपद्रव सोसायचाच, अशी आपली समजूत.

परंतु ज्या गजावर आपण कुंचला फिरवितो त्या गजावर त्याच क्षणी शेकडो सूक्ष्म विद्युत् घट चालू असतात. लोखंडाच्या पृष्ठभागावरील एखाद्या ठिकाणी अणू आपले इलेक्ट्रॉन धातूत मागे ठेवून आयनाच्या रूपाने पाण्याच्या पातळ थरात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत दुसऱ्या ठिकाणी पोहोचतात आणि तेथे हवेतील प्राणवायू व पाणी यांना जाऊन मिळतात. पहिले ठिकाण हे धनाग्र, दुसरे ऋणाग्र. दोहोंना जोडणारी तार म्हणजे खुद्द लोखंड. आणि मधला द्रव म्हणजे दंवाचा अथवा पावसाचा खारट ओलावा. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते पाण्याची वीज वाहून नेण्याची शक्ती वाढविते आणि लोखंडावरील संरक्षक पापुद्रा ठिकठिकाणी फोडते. पुढचे सारे काम लोखंड आणि प्राणवायू आपसांत उरकतात. या व्यवहाराचा हिशेब मांडणारे जे शास्त्र, त्याचे नाव विद्युत् रसायनशास्त्र.

हे शास्त्र केवळ खिडक्यांच्या गजांपुरते असते, तर आज या स्तंभाची जागा त्यासाठी अडविण्याचे कारण नव्हते. परंतु ५ जुलै १९८६ हा दिवस गोमंतकातील जाणत्या माणसांच्या स्मरणातून गेलेला नाही. त्या दिवशी पणजी आणि पर्वरी यांना जोडणारा मांडवीवरील नेहरू पूल कोसळला. पुलाचे वय जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे. जो पूल नातवंडांनी वापरावा म्हणून बांधला होता, तो बांधणाऱ्यांच्याच डोळ्यांदेखत नदीत गेला आणि पुन्हा काही वर्षे लोकांना फेरीबोटीच्या धक्क्यावर रांगा लावाव्या लागल्या. काँक्रीटच्या पोटात ताणून बसविलेल्या पोलादी तारांना लागलेला गंज हे त्या दुर्घटनेचे एक प्रमुख कारण म्हणून सांगितले गेले. पुढे जुवारीच्या जुन्या पुलावरही अवजड वाहनांना अटकाव करण्याची पाळी आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत दक्षिण आणि उत्तर गोव्याला जोडणारा हा मार्ग एक टांगती चिंता होऊन राहिला.

काँक्रीटमधले पोलाद एरव्ही सुरक्षित असते. सिमेंटमधील द्रव तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्या वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा इतका पातळ आणि घट्ट पापुद्रा बसतो की गंजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. परंतु समुद्रावरून येणारे क्लोराइडचे आयन काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपत राहतात. ते पोलादापर्यंत पोहोचले की पापुद्रा फुटतो आणि तेथे गंज सुरू होतो. गंजाने व्यापलेली जागा मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. त्या फुगवट्याने काँक्रीट आतून तडकते, तडा पडली की आणखी पाणी आणि आणखी मीठ आत जाते. ताणलेल्या तारेच्या बाबतीत तर बाहेर तडाही न दिसता आतली तार तुटू शकते. म्हणजे जे संकट डोळ्यांना दिसत नाही ते दिसण्याआधी ओळखणे, हेच येथे ज्ञानाचे काम. पोलादाचा विद्युत् विभव मोजून, काँक्रीटचा विद्युत् रोध मोजून आत काय चालले आहे याचा अदमास घेता येतो. प्रश्न एवढाच की हे मोजणारा आणि मोजलेल्या आकड्याचा अर्थ सांगणारा तरुण आपल्या विद्यापीठांतून बाहेर पडतो आहे काय?

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. प्रयोगशाळेच्या वासाशीही आमचा फारसा संबंध आला नाही. तरीही या विषयाकडे वळून पाहिले तेव्हा त्यातील कथा एखाद्या महाकाव्याइतकी रसाळ असल्याचे जाणवले. १८०० साली इटलीतील व्होल्टा याने जस्त आणि चांदी यांच्या चकत्या मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या पुठ्ठ्यांसह एकीवर एक रचल्या आणि जगाला पहिला अखंड विजेचा झरा दिला. त्याच वर्षी इंग्लंडात निकल्सन आणि कार्लाइल यांनी त्या विजेने पाण्याचे दोन वायूंत विघटन केले. १८०७ साली हंफ्री डेव्हीने त्याच उपायाने पोटॅशियम आणि सोडियम हे कोणी कधी न पाहिलेले धातू वितळलेल्या क्षारांतून खेचून काढले. डेव्हीचा साहाय्यक मायकेल फॅराडे हा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला गरीब मुलगा. त्याने १८३३-३४ च्या सुमारास सिद्ध केले की अमुक इतकी वीज गेली तर अमुक इतकाच पदार्थ सुटतो. त्यात रतीभरही फरक पडत नाही. त्याच्या नावाने ओळखला जाणारा आकडा, सुमारे ९६,४८५ कूलंब, आज बारावीच्या मुलालाही पाठ असतो.

या कथेतील एक प्रसंग आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. फॅराडेला आपल्या नव्या कल्पनांसाठी नवे शब्द हवे होते. त्याला ग्रीक, लॅटिन येत नव्हते. त्याने केंब्रिजचा विद्वान विल्यम ह्यूएल याच्याकडे धाव घेतली आणि त्या पत्रव्यवहारातून अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द जन्माला आले. भौतिक शास्त्राचा पाया घालताना एका थोर प्रयोगशीलाला भाषेच्या जाणकाराची गरज वाटली, हे विज्ञान आणि वाङ्मय यांच्या मध्ये भिंत बांधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढे १८८४ साली स्वीडनमधील आऱ्हेनियस या तरुणाने मीठ पाण्यात विरघळताच त्याचे आयन सुटे होतात, असे प्रतिपादन करणारा प्रबंध उप्साला विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांनी त्याला इतकी खालची श्रेणी दिली की त्याचे अध्यापनाचे दार बंद होण्याची वेळ आली. त्याच विचाराबद्दल १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. गुणपत्रिका हातात घेऊन हताश होणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही हकिगत अवश्य वाचावी. आणि गुण देणाऱ्यांनीही वाचावी.

१८८९ साली जर्मनीत नेर्न्स्ट याने आपले प्रसिद्ध समीकरण मांडले आणि द्रावणातील आयनांचे प्रमाण व घटाचा विभव यांचे नाते निश्चित झाले. ही कामगिरी इतकी देखणी होती की पुढची कित्येक दशके हे शास्त्र तिच्याच छायेत विसावले. येथेच आमच्या आजच्या विषयाचे मर्म आहे. नेर्न्स्टचे गणित ऊष्मागतिकीचे. ते एखादी विक्रिया होऊ शकते की नाही हे सांगते. किती वेगाने होईल हे सांगत नाही. गाव डोंगराखाली आहे म्हणून पाणी तिकडे जाणार, इतके ते सांगते. मध्ये बांध आहे की पाट, हे त्याला ठाऊक नसते.

एक अगदी घरगुती उदाहरण घेऊ. मोटारगाडीतील शिशाची बॅटरी १८५९ साली फ्रान्समधील प्लाँते याने शोधली. तिच्या प्रत्येक घटाचा विभव सुमारे दोन व्होल्ट असतो. आता ऊष्मागतिकीच्या हिशेबाने पाण्याचे हायड्रोजन आणि प्राणवायूत विघटन होण्यास १.२३ व्होल्ट पुरतात. मग त्या घटातील आम्लमिश्रित पाणी बसल्या जागी फुटून का जात नाही? कागदावरच्या गणिताप्रमाणे ही बॅटरी अस्तित्वातच असू नये. ती आहे, कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटण्याची क्रिया अतिशय मंद आहे. प्लॅटिनमवर ती ज्या सहजतेने घडते त्याच्या तुलनेत शिशावर किंवा पाऱ्यावर तिचा अंगभूत वेग शंभर कोटीव्या हिश्शाच्या घरात उतरतो. धातू बदलला की तीच विक्रिया कासवाची होते किंवा सशाची होते. शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरच्या गाड्या ज्या बॅटरीवर सुरू होत आल्या, ती या मंदपणाच्या कृपेवर उभी आहे.

या वेगाचे शास्त्र ते आधुनिक विद्युत् रसायनशास्त्र. १९०५ साली टाफेल याने प्रवाह आणि त्यासाठी द्यावा लागणारा अधिकचा विभव यांचे साधे नाते प्रयोगाने दाखविले. १९२४ साली बटलर आणि १९३० साली एर्डे-ग्रुझ व फोल्मर यांनी त्याला सिद्धान्ताची बैठक दिली. रशियात फ्रुमकिनने, धातू आणि द्रव यांच्या सीमेवर विद्युत्‌भारांचे जे दुहेरी आवरण असते, त्याचा या वेगावर होणारा परिणाम उलगडला. हे आवरण अणूच्या काही पट जाडीचे. परंतु त्यावर एक व्होल्ट जरी पडला तरी तेथील क्षेत्राची तीव्रता एका मीटरला शंभर कोटी व्होल्टांच्या घरात जाते. आकाशातल्या विजेच्या ढगातही जी तीव्रता आढळत नाही ती एका पेल्यातील मिठाच्या पाण्यात, खिळ्याच्या अंगालगत, गाजावाजा न करता नांदत असते. ‘अणोरणीयान्’ या शब्दाचा अर्थ उमजावा असे हे दृश्य आहे. ते पाहण्यासाठी डोळे मात्र तयार करावे लागतात.

हे डोळे तयार करणारा एक ग्रंथ १९७० साली न्यूयॉर्कहून दोन खंडांत प्रसिद्ध झाला. ‘मॉडर्न इलेक्ट्रोकेमिस्ट्री’ हे त्याचे नाव. लेखक दोन: जोहान्सबर्गला जन्मलेले जॉन बॉक्रिस आणि बंगळूरचे अमूल्य कुमार रेड्डी. रेड्डींनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात डॉक्टरेट मिळविली होती. नेर्न्स्टच्या छायेत अडकून पडलेल्या शास्त्राला वेगाच्या, यंत्रणेच्या आणि विद्युत्‌अग्राच्या विचाराकडे वळविणे, हा त्या ग्रंथाचा उघड हेतू. एक भाग आयनांच्या वर्तनाचा, दुसरा विद्युत्‌अग्रांवरील घडामोडींचा. दुसऱ्या शाखेतून आलेल्या नवख्या वाचकालाही बोट धरून नेता यावे अशी त्याची मांडणी. शिक्षक फळ्यासमोर उभा राहून विचारतो आणि मग स्वतःच उत्तराकडे नेतो, अशा बोलक्या शैलीत हजाराहून अधिक पाने लिहिली गेली आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी ती वाचली. या महत्त्वाच्या ग्रंथाचा एक कर्ता आपल्या शेजारच्या राज्यातला होता, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

रेड्डींची पुढची वाटचाल तर आणखी विचार करायला लावणारी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक असताना या माणसाला प्रश्न पडला की आपल्या शास्त्राचा खेड्यातल्या चुलीला काय उपयोग? १९७४ साली त्यांनी तेथे ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञान राबविणारे ‘अस्त्र’ हे केंद्र उभारले. कर्नाटकातील पुरा या खेड्यातला गोबर वायूचा सामुदायिक प्रकल्प, कमी सरपणावर चालणाऱ्या चुली, राज्याच्या विजेच्या गरजेचा नव्याने मांडलेला हिशेब, ही त्यांची पुढची कामे. २००६ साली त्यांचे निधन झाले. ज्या हातांनी विद्युत्‌अग्रावरील समीकरणे लिहिली त्याच हातांनी चुलीतला धूर मोजला. शास्त्र उच्च असले की ते लोकांपासून दूर असते, या समजाला याहून चोख उत्तर कोणते असू शकेल?

आपल्या देशाने या विषयाची दखलच घेतली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. स्वातंत्र्याला वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, जुलै १९४८ मध्ये, तामिळनाडूतील कारैकुडी या आडगावी पंडित नेहरूंच्या हस्ते केंद्रीय विद्युत् रसायन संशोधन संस्थेची कोनशिला बसविली गेली. अळगप्पा चेट्टियार या उदार गृहस्थांनी तिच्यासाठी तीनशे एकर जमीन आणि पंधरा लाख रुपये दिले. १९५३ च्या संक्रांतीला डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते संस्थेचे उद्‌घाटन झाले. रामेश्वरजवळच्या मंडपम येथे समुद्रकाठी धातूंचे नमुने खाऱ्या वाऱ्यात ठेवून त्यांची झीज मोजण्याची सोयही तिने केली. अन्नधान्याची आणि निर्वासितांची भ्रांत असलेल्या त्या काळात हे सुचणारी माणसे दूरदर्शी होती.

आता आमच्या महाविद्यालयांकडे पाहू. पूर्वी गोमंतकातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९८५ पासून आपले स्वतःचे विद्यापीठ आहे. बारावीच्या पुस्तकात विद्युत् रसायनशास्त्रावर एक प्रकरण असते. त्यात नेर्न्स्टचे समीकरण येते, घटांची वर्णने येतात, शेवटी गंजाविषयी एखादे पान येते. परीक्षेत हमखास विचारले जाते ते गणित. म्हणून मुले गणित घोकतात. सूत्रात आकडे घालायचे, ०.०५९ ने गुणायचे, उत्तर खाली अधोरेखित करायचे. पदवीच्या वर्गात तेच गणित थोडे लांबते. विद्युत्‌अग्रावरील विक्रियेचा वेग, म्हणजे ज्याच्यामुळे हे शास्त्र आधुनिक झाले तो भाग, बहुतेकांच्या वाट्याला पदव्युत्तर वर्गात येतो आणि तोही सत्राच्या अखेरीस, घाईघाईने. ज्या मुलाने पदवीनंतर शिक्षण सोडले त्याचे विद्युत् रसायनशास्त्र १८८९ सालीच थांबलेले असते.

प्रयोगशाळेची कथा याहून निराळी नाही. काही काळापूर्वी एका महाविद्यालयाच्या रसायन विभागात जाण्याचा योग आला. विभव नियंत्रित करून प्रवाह मोजणारे एक चांगले यंत्र तेथे होते. ते खोक्यातच होते. मोडेल या भीतीने विद्यार्थ्यांच्या हाती दिलेले नव्हते. मुले वहीत मागल्या वर्षीच्या वहीवरून निरीक्षणे उतरवून घेत होती. कोणाही एका शिक्षकाला दोष द्यावा असे त्यात काही नव्हते. तपासणीसाठी खरेदी, परीक्षेसाठी वही आणि पदवीसाठी परीक्षा अशी जी रीत सर्वत्र पडली आहे, तिचाच तो नमुना होता. लोखंडाला गंज लागतो तो हवेने आणि पाण्याने. विद्येला गंज लागतो तो न वापरल्याने.

वस्तुतः या शास्त्राची गोडी लावायला महाग यंत्रही लागत नाही. चायना ग्रास पाण्यात शिजवून त्यात थोडे मीठ, थोडे फिनॉल्फ्थेलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड घालावे, उथळ बशीत ओतावे आणि त्यात एक स्वच्छ खिळा ठेवावा. काही तासांत खिळ्याच्या माथ्याशी आणि टोकाशी निळा रंग उमटतो, मधल्या भागाभोवती गुलाबी. निळे ते धनाग्र, जेथे लोखंड विरघळते आहे; गुलाबी ते ऋणाग्र, जेथे प्राणवायू इलेक्ट्रॉन घेतो आहे. खिळा घडविताना माथा आणि टोक ठोकले गेले, म्हणून तेथला धातू अधिक अस्वस्थ. दुसऱ्या खिळ्याला जस्ताची पट्टी गुंडाळून ठेवा. निळा रंग उमटतच नाही. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. वास्कोच्या गोदीत दुरुस्तीला चढविलेल्या जहाजांच्या आणि मांडवीतल्या बार्जच्या बुडाला जस्ताचे ठोकळे का ठोकलेले असतात, ते त्या बशीत मुलाला एका दृष्टिक्षेपात कळते. आमच्या कित्येक मुलांचे आजे-बाबा त्याच गोदीत राबले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आम्हाला याहून चपखल कोठे लागू पडेल?

यावर एक रोकडा आक्षेप येईल, आणि तो गैर नाही. ‘हे शिकून पोट भरेल काय? आमच्या मुलाला संगणकाचे शिक्षण दिले तर त्याला पुण्यात, बंगळुरात नोकरी लागेल.’ आईबापांचा हा प्रश्न आम्ही उडवून लावणार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत वारे कोणत्या दिशेने वाहत आहेत तेही पाहावे. ज्या दूरध्वनीवर मुले दिवसभर बोटे फिरवितात त्यातील लिथियमचा घट हा याच शास्त्राचा पुत्र. व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात पाया घातला, गुडइनफ यांनी १९८० साली कोबाल्ट ऑक्साइडचे अग्र दिले, योशिनो यांनी १९८५ साली घट सुरक्षित केला, १९९१ साली तो बाजारात आला आणि २०१९ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. आज कदंब महामंडळाच्या ताफ्यातही विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आहेत. घटांची निर्मिती देशातच व्हावी म्हणून केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींचे अभियान मंजूर झाले. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हायड्रोजन हे त्याचे उद्दिष्ट.

हा हायड्रोजन यायचा कोठून? पाण्याच्या विद्युत् विच्छेदनातून. सिद्धान्ताप्रमाणे एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे ३९ युनिट वीज लागावी; प्रत्यक्ष कारखान्यात पन्नास किंवा त्याहूनही अधिक युनिटे जातात. हा जो दहा-बारा युनिटांचा फरक, त्यातला बराच भाग विद्युत्‌अग्रांवरील मंदपणाचा दंड म्हणून भरावा लागतो. तो दंड कमी करणारे स्वस्त विद्युत्‌अग्र जो शोधील त्याने देशाचे कोट्यवधी रुपये वाचविले असे होईल. पैसा मंजूर झाला, कारखान्यांचे नकाशे तयार झाले. पण टाफेलचा आलेख वाचू शकणारी माणसे मंजुरीच्या कागदावर उगवत नाहीत. ती वर्गात आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे घडवावी लागतात. ती घडविली नाहीत तर घट परदेशातून येतील, यंत्रे परदेशातून येतील, आणि आमची मुले त्यांच्या खोक्यांवर देशी नावाच्या चिठ्ठ्या डकवीत बसतील.

या विषयाच्या अभ्यासातून आणखी एक धडा मिळतो, तो विवेकाचा. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या दोन विद्युत् रसायनतज्ज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की जड पाण्यात पॅलेडियमचे विद्युत्‌अग्र बुडवून साध्या तापमानाला अणुसंमीलन घडते. जग थरारले. आमच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही प्रयोग झाले. परंतु इतरांना तो परिणाम खात्रीने पुन्हा दाखविता आला नाही आणि दावा कोसळला. फ्लाइशमन हे साधेसुधे गृहस्थ नव्हते. या शास्त्रातील मान्यवर होते. खुद्द बॉक्रिसही त्या वाटेने बरेच पुढे गेले. मोठ्या ग्रंथाचा कर्ताही चुकू शकतो आणि निवाडा शेवटी प्रयोगच करतो, हे तरुण मनावर बिंबविण्यासाठी यापेक्षा परिणामकारक पाठ नाही. वर्तमानपत्राच्या धंद्यात असल्याने आम्हालाही तो लागू आहे. पत्रकार परिषद म्हणजे पुरावा नव्हे.

मग करायचे काय? विद्यापीठाच्या पंडितांना अभ्यासक्रम शिकविण्याचा आमचा अधिकार नाही. तरीही नागरिक म्हणून चार गोष्टी मागण्याचा अधिकार आहे. पहिली, विद्युत्‌अग्रावरील विक्रियेचा वेग हा विषय पदवीच्या वर्गात आणावा. गणित थोडे कमी करावे, पण विचार आणावा. दुसरी, खोक्यातली यंत्रे बाहेर काढून ती विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. एखादे मोडले तर मोडू द्यावे. तिसरी, आमचे पूल, आमचे धक्के, आमचे मासेमारीचे ट्रॉलर ही आमची खुली प्रयोगशाळा मानावी. दोनापावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, वास्कोला गोदी आहे आणि सार्वजनिक बांधकाम खात्याकडे पूल आहेत. या चौघांनी एकत्र येऊन दर वर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून एकेका पुलाच्या पोलादाची नाडी तपासून घेतली, तर विद्यार्थ्याला विषय कळेल आणि सरकारला पूल कळेल. १९८६ सारखी सकाळ पुन्हा उजाडू नये, यासाठी ही किंमत फार मोठी नाही.

चौथी मागणी भाषेची. मराठी विश्वकोशाच्या खंडांतून आयन, विद्युत् विच्छेदन, विद्युत् घट असे शब्द मराठी वाचकाच्या हाती आले. परंतु त्या शब्दांनी भरलेले, पदवीच्या विद्यार्थ्याने रात्री दिव्याखाली वाचावे असे रसाळ पुस्तक आमच्या टेबलावर नाही. मुलगा घरी मराठीत किंवा कोंकणीत विचार करतो, वर्गात इंग्रजीत उत्तर पाठ करतो आणि दोहोंच्या मध्ये विषय निसटून जातो. बॉक्रिस आणि रेड्डी यांनी इंग्रजीत जे केले, म्हणजे विद्यार्थ्याशी बोलावे तसे लिहिले, ते मराठीत करणारा एखादा प्राध्यापक पुढे यावा. शब्दांसाठी अडले तर फॅराडेप्रमाणे त्याने भाषेच्या माणसाकडे यावे. आमचे दार उघडे आहे.

दिल्लीत कुतुबमिनारापाशी सुमारे सोळाशे वर्षांचा एक लोहस्तंभ उभा आहे. इतक्या पावसाळ्यांनंतरही तो गंजून पडलेला नाही. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने हळूहळू एक चिवट संरक्षक थर त्यावर तयार होत गेला. हा थर एका दिवसात बसला नाही आणि कोणी वरून रंग लावून तो बसविला नाही. धातूच्या अंगच्या गुणाने आणि वर्षांच्या सातत्याने तो घडला. विद्यापीठाचेही तसेच आहे. इमारतीला रंग देणे सोपे असते आणि तो दर वर्षी देताही येतो. अंगात मुरलेल्या अभ्यासाचा थर बसायला मात्र पिढी लागते. तो बसविण्याचे काम आज हाती घेतले तर कदाचित आमच्या नातवंडांना मांडवीचा पूल ओलांडताना खाली पाहून धास्तावण्याचे कारण उरणार नाही.